फवाऱ्याची कुळकथा

गेल्या वर्षीं आषाढ महिन्यांत मीं एक उद्योग केला. निवृत्त शिक्षकाच्या हातीं वेळ पुष्कळ आणि विवेक बेताचा असला म्हणजे जे उद्योग सुचतात, त्यांपैकींच तो एक. माझ्याजवळ कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेली एक जुनी पद्मिनी मोटार आहे. तिचें पुढचें डावें मडगार्ड गंजलें होतें. गॅरेजवाल्यानें सांगितलेला खर्च मला जड वाटला. म्हणून मीं बाजारांतून विजेवर चालणारी एक स्प्रे गन विकत आणली, तिच्या तांब्याएवढ्या भांड्यांत थिनर घालून पातळ केलेला रंग भरला, आणि दिवेलागणीच्या वेळीं अंगणांत उभा राहून मडगार्डावर फवारा सोडला. पहिला हात दिला तेव्हां पत्रा आरशासारखा चमकला. पांच मिनिटांत त्या चकाकीवर, दुधावर साय धरावी तशी, पांढुरकी झांक पसरली. दुसरा हात दिला, तो पहिल्याहूनहि पांढरा.

माझा एक जुना विद्यार्थी मोटारी रंगविण्याचा धंदा करतो. त्याचें दुकान पलीकडच्याच गल्लींत आहे. मीं त्याला निरोप धाडला, आणि तो येईपर्यंत तिसऱ्या हाताची तयारी केली. तो फाटकांतून आंत आला. मडगार्डाकडे त्यानें ढुंकूनहि पाहिलें नाहीं. तो म्हणाला, "सर, रंगाचें मागाहून बघूं. आधीं ती समई शांत करायला काकूंना सांगा."

आमच्या देवघराची बसकी खिडकी अंगणापासून हातभर उंचीवर आहे, आणि तिच्याआड समई तेवत होती. थिनरची वाफ हवेपेक्षां जड असते. ती धुरासारखी वर न जातां पाण्यासारखी जमिनीसरसी वाहत जाते, आणि वाटेंत ज्योत भेटली तर आल्या वाटेनें आगीला परत घेऊन येते. हें मला ठाऊक नव्हतें. तीस वर्षें मीं मुलांना इतिहास शिकविला. हातांत धरलेल्या वस्तूचा इतिहास मात्र मीं विचारला नव्हता. त्या रात्रीं झोंप अशी लागलीच नाहीं, आणि दुसऱ्या दिवसापासून मीं या यंत्राची कुळकथा शोधूं लागलों. तीच आज आपणांपुढें ठेवीत आहें.

मोटार ही घोडागाडीची लेक. तिनें घोडा सोडला तरी माहेरचा साजशृंगार पुष्कळ वर्षें सोडला नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं मोटारीचा सांगाडा श्रीमंतांच्या बग्गीप्रमाणेंच रंगविला जाई. तेलांत खललेला रंग कुंचल्यानें लावावा, तो सुकण्याची वाट पाहावी, घासून गुळगुळीत करावा, पुन्हां लावावा, आणि शेवटीं व्हार्निशचे हात द्यावे, अशी ती पद्धत होती. तेलाचा रंग हवेंतील प्राणवायु सावकाश शोषून घट्ट होतो, आणि त्याला घाई केलेली चालत नाहीं. त्यामुळें एक गाडी रंगशाळेंत आठवडेच्या आठवडे, कधीं महिनाभर, अडकून पडे. काम देखणें होई यांत शंका नाहीं. परंतु अस्तराच्या रंगांत शिशाचा सफेता असे, आणि कोरडा रंग घासतांना त्याची धूळ कारागिराच्या पोटांत व छातींत जाई. पोटशूळ उठणें, चेहरा फिका पडणें, मनगट लुळें होऊन हात खालीं लोंबणें, हीं त्या धंद्याचीं ओळखीचीं दुखणीं होतीं. घासण्यापूर्वीं रंग पाण्यानें भिजवावा, म्हणजे धूळ उडत नाहीं, ही आज साधी वाटणारी युक्ति लोकांनीं अंगीं बाणवून घेण्याआधीं पुष्कळ मनगटें लुळीं पडलीं होतीं.

ही संथ चाल अडचणीची ठरली ती हेन्री फोर्ड यांच्या काळांत. त्यांची 'मॉडेल टी' ही गाडी १९०८ सालीं बाजारांत आली, आणि १९१३ सालीं हायलंड पार्कच्या कारखान्यांत त्यांनीं सरकत्या पट्ट्यावर जुळणी सुरू केली. ज्या सांगाड्याच्या जुळणीला पूर्वीं सुमारें साडेबारा तास लागत, ती पुढें दीड तासांत होऊं लागली. आतां कल्पना करा, दीड तासांत गाडी उभी राहते आणि रंगासाठीं ती महिनाभर खोळंबते! इतक्या गाड्या ठेवायच्या कोठें? फोर्ड यांनीं त्यावर आपल्या परीनें तोड काढली. अनेक भाग रंगाच्या हौदांत बुडवावे, सांगाड्यावर नळीनें रंग ओतावा आणि उरलेला खालीं निथळूं द्यावा, कित्येक भाग भट्टींत भाजून सुकवावे, आणि रंग एकच ठेवावा. १९१४ पासून १९२५ पर्यंत ही गाडी काळ्या रंगांतच मिळत असे. काळा रंग स्वस्त, टिकाऊ, आणि कारखान्याला सोयीचा. जगाच्या रस्त्यांवर त्या काळीं जी काळ्या गाड्यांची रांग दिसे, तिचें मूळ अभिरुचींत शोधण्यापेक्षां हौदांत आणि भट्टींत शोधावें हें बरें.

या कोंडींतून वाट काढणारीं दोन साधनें दोन भिन्न घरीं जन्मास आलीं होतीं. पहिलें साधन म्हणजे फवारा. अमेरिकेंतील ओहायो प्रांतांत टोलेडो नांवाचें शहर आहे. तेथील डॉक्टर डीव्हिलबिस यांना रोग्यांच्या घशाला औषध लावण्याचें काम वारंवार पडे. बोळ्यानें औषध लावलें कीं रोग्याला उमासे येत. १८८७ च्या सुमारास त्यांनीं एक लहानसें उपकरण बनविलें. रबराचा फुगा दाबावा, हवेचा झोत नळीच्या तोंडावरून वेगानें जावा, आणि त्या वेगानें औषध वर ओढलें जाऊन त्याचे बारीक तुषार व्हावे. अत्तराच्या कुपीला आपण हेंच उपकरण बसविलेलें पाहतों. डॉक्टरांचे चिरंजीव टॉमस यांनीं १९०७ च्या सुमारास तेंच तत्त्व रंगाला लावलें. फुग्याच्या जागीं दाबलेली हवा आली, औषधाच्या जागीं रंग आला, आणि घशाच्या जागीं लाकडी सामान व लोखंडी पत्रा आला. माझ्या हातांतली गन ही अशी एका वैद्याच्या पेटींतून निघालेली आहे.

फवाऱ्याची दुसरी शाखा शिकागोची. तेथील एका मोठ्या दुकानांत देखभालीचें काम पाहणारे जोसेफ बिंक्स यांनीं १८८७ च्या सुमारास तळघराच्या भिंतींना चुना मारण्यासाठीं हातपंपावरचा फवारा तयार केला होता. १८९३ सालीं त्याच शहरांत जागतिक प्रदर्शन भरलें. प्रचंड इमारती उभ्या राहिल्या, त्या सर्वांना पांढरा रंग द्यायचा होता, आणि उद्घाटनाचा दिवस तर जवळ आलेला. कुंचल्यांनीं तें काम आटोपणें शक्य नव्हतें. तेव्हां प्रदर्शनाच्या सजावटीचे प्रमुख फ्रान्सिस मिलेट यांनीं नळ्या आणि पंप लावून रंग फवारण्याचा मार्ग पत्करला, आणि 'श्वेतनगरी' वेळेवर शुभ्र झाली. याच प्रदर्शनाच्या निमित्तानें शिकागोंत सर्वधर्मपरिषद भरली होती, आणि तींत स्वामी विवेकानंदांचें भाषण झालें होतें. तें भाषण आपण पाठ्यपुस्तकांतून वाचतों. त्या वर्षीं त्याच शहरांत भिंतींवर उडालेल्या फवाऱ्याची आठवण मात्र पाठ्यपुस्तकांत नाहीं.

फवारा आला खरा, परंतु संथ तेलरंग फवारला काय किंवा कुंचल्यानें लावला काय, तो सुकणार आपल्याच वेळीं. दुसरें साधन हवें होतें तें झटपट सुकणाऱ्या रंगाचें, आणि तें निघालें दारूगोळ्याच्या घरांत. बाझेल येथील रसायनशास्त्रज्ञ शोनबाइन यांनीं १८४६ सालीं असें जाहीर केलें कीं, कापसावर नत्राम्ल आणि गंधकाम्ल यांचा संस्कार केला तर तो दिसायला कापूसच राहतो, पण ठिणगी लागतांच भडकतो. स्वयंपाकघरांत सांडलेलें आम्ल त्यांनीं पत्नीच्या सुती एप्रननें पुसलें, तो एप्रन शेगडीपाशीं वाळत घातला, आणि क्षणांत त्याचा भडका होऊन तो नाहींसा झाला, अशी एक गोष्ट सांगतात. हा बंदुकीचा कापूस पहिल्या महायुद्धांत अमाप तयार झाला. १९१८ सालीं युद्ध संपलें, आणि अमेरिकेंतील ड्यू पाँ या दारूगोळ्याच्या जुन्या पेढीपुढें प्रश्न पडला, कीं या द्रव्याचें आतां करायचें काय?

त्याच जातीचें सौम्य द्रव्य थिनरमध्यें विरघळवून रंग करतां येतो, हें ठाऊक होतें. अडचण अशी, कीं तें द्रावण मधासारखें दाट होई, आणि पातळ करावें तर थरांत रंगद्रव्य नाममात्र उरे. १९२० च्या उन्हाळ्यांत त्या पेढीच्या न्यू जर्सींतील फिल्मच्या कारखान्यांत असल्या द्रावणाचें एक पिंप उष्ण्यांत कांहीं दिवस तसेंच पडून राहिलें. उघडून पाहतात तों आंतील दाट लगदा पाकासारखा पातळ झालेला. त्या चुकींतून 'ड्युको' नांवाचा रंग निघाला. जनरल मोटर्सनें तो १९२३ सालीं, पुढील वर्षाच्या 'ओकलंड' गाड्यांवर, निळ्या रंगांत प्रथम लावला. आठवड्यांचें काम तासांवर आलें. काळ्याची सद्दी संपली, आणि रस्त्यांवर निळ्या, हिरव्या, तांबड्या गाड्या धांवूं लागल्या.

येथें दोन्ही साधनांची गांठ पडली. हा नवा रंग इतका झटपट सुके कीं कुंचल्याचा दुसरा फटकारा मारण्याआधीं पहिला आळलेला असे. तो नीट लावायचा तर फवाऱ्याविना गत्यंतर नव्हतें. वैद्याच्या फवाऱ्याला असा दारूगोळ्याचा कापूस मिळाला, आणि दोघांचा संसार सुरू झाला. त्याच जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला. कंपन्या आल्या आणि गेल्या, 'ड्युको' हें नांव मात्र आपल्याकडे असें रुजलें कीं आजहि सुतार कपाटावर गुळगुळीत रंग फवारतो तेव्हां त्याला 'ड्युको मारला' असेंच म्हणतो. माझ्या मडगार्डावर पसरलेली पांढुरकी झांकहि याच जातीच्या रंगाचा जुना स्वभाव. थिनर भरभर उडतांना पत्रा थंड पडतो, आणि आषाढांतील दमट हवेंतलें पाणी त्या ओल्या रंगावर दंवासारखें उतरून अडकतें. कार्तिकांत केलें असतें तर रंग साधला असता. समईचा प्रश्न मात्र बारा महिने तोच होता.

आतां या कुळकथेंतला जमाखर्च पाहिला पाहिजे. फवाऱ्यानें माणसाची वाट पाहण्यांतून सुटका केली, ही जमेची बाजू. खर्चाची बाजू अशी, कीं कुंचल्याचा रंग पत्र्यावर बसे, आणि फवाऱ्याचा निम्म्याहून अधिक रंग हवेंत राही. हवेंतला रंग जातो कोठें? जो माणूस तेथें उभा असतो त्याच्या छातींत. हें कोणाच्या ध्यानीं आलें नव्हतें असें नाहीं. १९२१ सालीं जिनीव्हा येथें आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें शिशाच्या सफेत्याविषयीं जो ठराव केला, त्यांत घरांच्या आंतील रंगकामांत तो वापरण्यास बंदी होतीच. शिवाय फवारणीपासून होणाऱ्या धोक्याला आणि कोरड्या घासणीच्या धुळीला आळा घालण्याविषयीं वेगळीं कलमें होतीं. इंग्लंडांत कारखान्यांचे पहिले वैद्यकीय निरीक्षक म्हणून १८९८ सालीं नेमले गेलेले सर टॉमस लेग यांनीं आपलें आयुष्य या शिशाच्या विषाशीं झगडण्यांत घालविलें होतें. ब्रिटिश सरकारनें या ठरावाला मान्यता देण्याचें नाकारलें, तेव्हां १९२६ सालीं त्यांनीं आपल्या पदाचा राजीनामा दिला. सफेत्यापायीं अधिकाराची जागा सोडणारा हा गृहस्थ मला आमच्या इतिहासाच्या कोणत्याहि पाठांत भेटला नव्हता. भेटायला हवा होता.

शिसें हळूहळू मागें पडलें, आणि त्याच्या जागीं नवें संकट आलें. १९३७ सालीं जर्मनींत लेव्हरकूसेन येथें ओटो बायर आणि त्यांचे सहकारी यांनीं आयसोसायनेट या जातीच्या द्रव्यांपासून पॉलियुरेथेन बनविण्याची रीत शोधली. त्या रीतीवर आधारलेले 'दोन डब्यांचे' रंग पुढें मोटारींच्या रंगकामांत पसरले. एका डब्यांत रंग, दुसऱ्यांत हार्डनर. दोन्ही मिसळले कीं रंग काचेसारखा कठीण होतो, उन्हापावसाला दाद देत नाहीं. भोपाळमध्यें १९८४ च्या डिसेंबरांत ज्या वायूनें हजारों माणसें मेलीं, तोहि आयसोसायनेट जातीचाच. हार्डनरमधील द्रव्य तें नव्हे, हें मीं स्पष्ट सांगतों. तो वायु भलताच उडून जाणारा, हें द्रव्य त्या मानानें जड. पण हार्डनरचे तुषार करून हवेंत सोडले म्हणजे तें द्रव्यहि श्वासाबरोबर आंत जातें, आणि कित्येकांना कायमचा दमा जडवून जातें. त्याला धोक्याची सूचना देणारा वास नाहीं. वास येण्याच्या आधींच मर्यादा ओलांडलेली असते. आणि एकदां शरीरानें त्याच्याशीं वैर धरलें, कीं मग कणभर स्पर्शानेंहि धाप लागते.

माझा विद्यार्थी त्या संध्याकाळीं अंगणांतल्या पायरीवर बसून बोलत होता तेव्हां मधून मधून थांबत होता. मला वाटलें, चालून दमला असेल. मग त्यानें आपण होऊन सांगितलें. अठराव्या वर्षापासून त्यानें तोंडाला हातरुमाल बांधून दोन डब्यांचे रंग फवारले. चाळिशीनंतर रात्रीं छाती भरून येऊं लागली. डॉक्टरांनीं निदान केलें तेव्हां उशीर झाला होता. आतां त्याच्या दुकानांत बंद खोली आहे, हवा ओढून घेणारा पंखा आहे, नळीनें बाहेरची स्वच्छ हवा पुरविणारे मुखवटे आहेत. आणि त्या खोलींत पाऊल टाकण्याची त्या एकट्याला मनाई आहे. तो काचेबाहेर उभा राहून मुलांना हात कसा फिरवायचा तें खुणेनें शिकवितो. "सर," तो म्हणाला, "तुम्ही शाळेंत पानिपतचीं कारणें सांगायचां. हें कारण कुणीं सांगितलें नाहीं." मीं यावर काय बोलणार? मीं गप्प बसलों.

राहिली माझ्या विजेच्या गनची हकीकत. हिचें घराणेंहि जुनें आहे. १९३० ते १९५० च्या काळांत पाश्चात्य घरांतून धूळ ओढणारीं विजेचीं यंत्रें आलीं, त्यांच्याबरोबर कित्येकदां रंग फवारण्याचें एक भांडें मिळे. यंत्राच्या मागच्या बाजूनें बाहेर पडणारी हवा त्याला जोडावी, आणि खुर्च्या रंगवाव्या! हवा पुष्कळ आणि दाब कमी, हें तिचें वैशिष्ट्य. पुढें १९८० च्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिसच्या परिसरांत थिनरच्या वाफांनीं होणाऱ्या धुरक्याला आळा घालण्यासाठीं तेथील हवा-नियंत्रण मंडळानें नियम केले, कीं फवाऱ्यांतला बराचसा रंग वस्तूवर बसलाच पाहिजे. त्यासाठीं ६५ टक्क्यांची मर्यादा पुढें आली, आणि तीच जुनी कमी दाबाची पद्धत सुधारून कारखान्यांत मानानें परतली. घरगुती गनांपैकीं कांहींत असा झोत देणारा पंखा असतो, तर कांहींत विजेनें थरथरणारा दट्ट्या रंगालाच ढकलतो. दोन्ही रीतींनीं रंग कमी वायां जातो. तरी जो उरतो, तो अंगणांतच राहतो.

गन विकत घेतांना जें माहितीपत्रक मिळालें होतें, तें मीं नंतर भिंग लावून वाचलें. झटपट पेट घेणारे रंग व थिनर या यंत्रांत वापरूं नयेत असें त्यांत स्पष्ट लिहिलें होतें, कारण मोटरमधील एखादी ठिणगीहि पुरेशी होते. मोटारीच्या रंगाचा थिनर नेमका त्याच जातीचा. म्हणजे माझ्या अंगणांत त्या संध्याकाळीं एक ज्योत खिडकींत होती आणि दुसरी माझ्या मुठींत.

मला या सगळ्या इतिहासाचें तात्पर्य एका वाक्यांत दिसतें. यंत्र घरांत आलें, कारखाना मात्र घरांत आला नाहीं. तो पंखा, ती बंद खोली, तो मुखवटा, ती ओली घासणी, या प्रत्येक गोष्टीची किंमत कोणीतरी आपल्या मनगटानें नाहींतर छातीनें मोजलेली आहे. दुकानांत चार पैसे देऊन आपण फक्त गन उचलून आणतों, आणि तिच्यासाठीं मोजलेलें तें मोल तेथेंच ठेवून येतों. घरीं करण्यासारखें काम नाहीं असें मात्र नाहीं. गंज खरवडावा, पत्रा पाण्याच्या कागदानें ओला घासावा, लांबी भरावी, पुन्हां घासावी, कांचा आणि दिवे कागदानें झांकावे. धंद्यांतले लोक सांगतात कीं रंगाचें निम्में सौंदर्य या खालच्या मेहनतींतच असतें. फवारायचेंच असेल तर यंत्राच्या माहितीपत्रकांत बसणारा रंग घ्यावा, कोरड्या ऋतूंत, मोकळ्या हवेंत, कोठेंहि ज्योत नसतांना. हार्डनरचा डबा मात्र घरीं उघडूं नये; ज्यांच्यापाशीं तो मुखवटा आणि ती खोली आहे, त्यांच्याकडे गाडी न्यावी, आणि मागतील ते पैसे घासाघीस न करतां द्यावे.

मीं तसेंच केलें. मडगार्ड मीं आठ दिवस घासलें, रंग त्या मुलांनीं दिला. काचेबाहेर आम्ही दोघे शेजारीं शेजारीं उभे होतों. आंतला मुलगा मुखवटा घालून सावकाश हात फिरवीत होता, आणि माझा विद्यार्थी आपल्या बोटांनीं हवेंत त्याच्या बरोबरीनें रंग देत होता.